यंत्राची आज्ञावली आणि बीजगणिताची शिस्त

'क्ष = क्ष + १' असे बीजगणिताच्या वहीत लिहिले, तर गुरुजी त्यावर लाल फुली मारतील. संगणकाच्या आज्ञावलीत मात्र ते सर्रास लिहिले जाते. तेथे त्याचा अर्थ 'क्ष नावाच्या कप्प्यातील आकडा एकने वाढवा' असा होतो. मग कप्प्यात या क्षणी काय आहे, हे आधी काय काय घडले यावर अवलंबून राहते.

यातून केवढा अनर्थ ओढवतो, पाहा. थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेले किरणोपचाराचे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. त्याच्या आज्ञावलीत असाच एक कप्पा होता. त्यात शून्य नसेल, तरच झोत आवरणारा भाग जागेवर आहे की नाही, हे तपासले जाई. दर फेरीला कप्प्यात एक मिळवला जाई. पण कप्पा आठ बिटांचा. २५५ नंतर पुन्हा शून्य! म्हणजे दर २५६ व्या फेरीला तपासणी टळे. जानेवारी १९८७ मध्ये नेमक्या त्याच क्षणी कळ दाबली गेली. तो रुग्ण पुढे दगावला.

हॅस्केलसारख्या फलनाधिष्ठित भाषेत एकदा दिलेली किंमत बदलत नाही. फलनाला तेच आदान दिले, की तेच उत्तर मिळते. मग ती पहिली फेरी असो वा २५६ वी. अशा भाषेतही चुका होतात, पण त्यांना लपायला जागा कमी असते. म्हणून यंत्राच्या पोटात कायम बसणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, याच शिस्तीने लिहावी, असे माझे मत आहे.

यावर आक्षेप असा, की छोट्या यंत्रात एवढी स्मृती कोठून आणायची? आर्डुइनो उनोच्या नियंत्रकाची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट. हॅस्केलला त्याहून कितीतरी अधिक लागते. आक्षेप खरा आहे, पण त्यावर तोडगाही आहे. नासासाठी विकसित झालेली 'कोपायलट' ही भाषा हॅस्केलमध्येच वसवलेली आहे. तिच्यात लिहिलेल्या वर्णनातून मोठा संगणक 'सी' भाषेतील आज्ञावली तयार करतो आणि ती ठरावीक स्मृतीतच चालते.

शाळेत हॅस्केल नसले, तरी ही शिस्त आजच लावता येईल. आर्डुइनोवर प्रयोग करताना संवेदक वाचणे व दिवा लावणे एकीकडे ठेवा आणि निर्णय घेणारे फलन दुसरीकडे. त्या फलनाचे कोष्टक शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आधी कागदावर मांडून घ्यावे. यंत्र सुरू करण्यापूर्वीच चूक सापडणे, यापेक्षा स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही.