विरजण राखून ठेवणाऱ्या पेशी

दह्याच्या भांड्यातून चमचाभर दही उद्याच्या विरजणासाठी बाजूला काढून ठेवावे, हा आपल्या घरांतील जुना शिरस्ता. तो चमचा राखायचा विसरला, तर आजचे जेवण होते, उद्याचे दही मात्र लागत नाही. आपल्या हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा हाच शिरस्ता जन्मभर पाळत असते.

तांबडी रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तर काही पांढऱ्या पेशी दिवसभरही टिकत नाहीत. ही झीज भरून काढण्यासाठी निरोगी प्रौढ शरीर रोज सुमारे 200 अब्ज तांबड्या पेशी नव्याने घडवते. या साऱ्यांचे मूळ असते मोजक्या रक्तजनक मूलपेशींत. मूलपेशीचे गुण दोन. तिच्यापासून रक्तातील प्रत्येक प्रकारची पेशी तयार होऊ शकते. आणि विभाजन होताना ती स्वतःसारखी पेशी मागे राखू शकते. या दुसऱ्या गुणाला स्व-नूतनीकरण म्हणतात.

कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी 1961 मध्ये या पेशींचा प्रायोगिक पुरावा दिला. किरणोत्साराने मज्जा नष्ट झालेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांची मज्जा दिली, तेव्हा त्यांच्या प्लीहेवर गाठी उमटल्या. अशी गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे पुढे 1963 मध्ये दिसून आले. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे यश याच पेशींवर अवलंबून असते. आपल्या देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले.

मात्र जुळणारा दाता सर्वांनाच लाभत नाही. नवजात बाळाच्या नाळेतील रक्तातही मूलपेशी असतात, पण एका नाळेतील साठा प्रौढ रुग्णाला बहुधा अपुरा पडतो. मग त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून का घेऊ नयेत? प्रश्न सरळ आहे. त्याच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञांना अनेक दशके झगडावे लागले. पोषक द्रवात वाढीची प्रथिने घातली की पेशी भराभर विभागतात, संख्या वाढते. परंतु बहुतेक पेशी साध्या रक्तपेशी होऊन जातात. दही भरपूर होते, विरजण संपते.

याचे कारण पेशीच्या वसतिस्थानात आहे. मूलपेशी हाडातील विशिष्ट कोनाड्यात राहते आणि शेजारच्या पेशी तिला तिचे मूळ रूप टिकवण्यास साहाय्य करतात, असा विचार रेमंड स्कोफील्ड यांनी 1978 मध्ये मांडला. काचेच्या भांड्यात हा शेजार नसतो. 2019 मध्ये हिरोमित्सु नाकाउची यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा अडथळा दूर केला. पोषक द्रवात नेहमी घातल्या जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनातील अशुद्धी मूलपेशींना बाधक ठरत होत्या. त्याऐवजी डिंकासारख्या चिकट पदार्थांत वापरले जाणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातले, तेव्हा उंदरांच्या मूलपेशी महिनाभरात शेकडो पटींनी वाढल्या. मानवी पेशींना हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडली नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या रसायनांची जुळणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने निकोटिनामाइड, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाचे एक रूप, वापरून वाढवलेल्या नाळरक्तपेशींना रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी मान्यता दिली. 125 रुग्णांच्या चाचणीत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण 12 दिवसांत परतल्या. नेहमीच्या नाळरक्ताने 22 दिवस लागले. संसर्गाच्या धास्तीत काढलेले दहा दिवस वाचणे ही रुग्णासाठी लहान गोष्ट नव्हे. मात्र हे कार्य नियंत्रित भांड्यात घडते. ब-3 च्या गोळ्या घेऊन मज्जेतील मूलपेशी वाढतात, असा अर्थ कोणी काढू नये.

ज्येष्ठ वाचकांच्या दृष्टीने यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की वयानुसार मूलपेशींची संख्या घटतेच असे नाही, पण त्यांचा कस उतरतो. तरीही हिमोग्लोबिन कमी दिसले, की ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून ते सोडून देणे योग्य नव्हे. पुरुषांत 13 आणि स्त्रियांत 12 ग्रॅमच्या खाली ते गेले, तर कारण शोधलेच पाहिजे. लोह किंवा ब-12 ची उणीव, मूत्रपिंडाचा विकार, आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव, दीर्घकालीन दाह अशी कारणे वारंवार आढळतात आणि त्यांतील अनेकांवर उपाय आहेत. कारण न शोधता केवळ टॉनिक घेत राहिल्यास मूळ दुखणे झाकले जाते.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. गुडघेदुखी, मधुमेह, कंपवात यांवर ‘स्टेम सेल’ची खात्रीशीर सुई, असे सांगणारे भेटतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्ताच्या व काही ठरावीक विकारांसाठी होणारे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण तेवढे मान्य उपचार मानले. बाकीचे वापर मंजूर चाचणीतच व्हावेत, असे त्यांत बजावले आहे. एकाच प्रकारच्या मूलपेशीला तिचे रूप टिकवून वाढवण्यासाठी निष्णात शास्त्रज्ञांना इतकी वर्षे लागली, हे माहीत असलेला माणूस अशा हमीने सहज भुलणार नाही.

तेव्हा असा उपचार कोणी सुचवला, तर कुटुंबीयांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ही चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदलेली आहे काय? नैतिकता समितीची लेखी मंजुरी दाखवाल काय? आणि चाचणी असेल, तर रुग्णाकडून पैसे कशासाठी घेता? उत्तरे लेखी मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करू नये आणि आगाऊ रक्कमही भरू नये.