तळपायांची आग : गोळी कोणती, कोणासाठी?

दिवस कसाबसा जातो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होते, मुंग्या येतात, मध्येच सुई टोचल्यासारखी कळ निघते. निलंगा परिसरातील ज्येष्ठांकडून ही तक्रार वरचेवर ऐकावयास मिळते. घरोघरी तिला ‘उष्णता’ समजून काशाच्या वाटीने तूप चोळले जाते. त्याने बरे वाटते, वावगे काही नाही; पण दुखण्याचे मूळ बहुधा मज्जातंतूंत असते आणि तेथवर तूप पोहोचत नाही.

जुना मधुमेह हे नेहमीचे कारण. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता दुसरे. शाकाहारी मंडळींत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आढळते. मद्यपान, कंबरेत दबलेली शीर आणि कुष्ठरोग यांचाही विचार करावा लागतो. म्हणून आधी साखर, बी-१२ व क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांचा येथे फारसा उपयोग होत नाही, मूत्रपिंडांना अपाय मात्र होऊ शकतो. प्रीगाबालिन आग शमवते, पण चक्कर, गुंगी आणि पायांवर सूज आणते. मूत्रपिंड अशक्त असल्यास मात्रा कमी करावी लागते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन स्वस्त आहे. तथापि प्रोस्टेटमुळे लघवी अडणाऱ्यांना, काचबिंदू वा हृदयविकार असणाऱ्यांना ते जपूनच द्यावे, किंबहुना टाळावे. ड्युलोक्सेटिनने प्रारंभी मळमळते. यकृताचा आजार असल्यास ते नको. कोणतेही औषध अल्प मात्रेने सुरू करून काही आठवडे पाहावे. वेदना निम्म्याने उतरली तरी ते लागू पडले, असे समजावे. मनाने एकाएकी बंद करू नये. रात्री तीनदा लघवीस उठणाऱ्या आजोबांना मी थोडी आग राहू देईन, पण गुंगीची मात्रा वाढवणार नाही. पडून खुबा मोडला तर त्याची किंमत फार मोठी.

एक गोष्ट घरच्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. औषधाविना आग आपोआप थांबली, तर आनंदण्याची घाई नको. पाय बधिर झाला असण्याची शक्यता असते. असा पाय कढत पाण्यात भाजतो, चपलेतला खिळा त्याला कळत नाही. शेकण्याची पिशवी वर्ज्य. आंघोळीचे पाणी कोपराने किंवा दुसऱ्याने पाहावे. नीळकंठेश्वराच्या दर्शनास उन्हाळ्यात सकाळीच जावे, दुपारच्या तापल्या दगडावर अनवाणी चालू नये. रोज रात्री उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या सुनेने वा नातवाने पाहाव्यात. फोड, भेग, काळा डाग दिसल्यास हळद भरून वाट न पाहता त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी, दवाखाना गाठावा.