खेळाडूचा घाम आणि महाविद्यालयाचा चषक

गिरगावात खोताच्या वाडीतील एखाद्या कबड्डीपटूला महाविद्यालय क्रीडाकोट्यातून प्रवेश देते, तेव्हा ते उपकार करीत नाही. चषकासाठी त्याचे श्रम घेते. अमेरिकेतील विद्यापीठांनीही बास्केटबॉलचे संघ असेच उभारले : उत्पन्न संस्थेचे, घाम विद्यार्थ्याचा. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १ जुलै २०२५ पासून तेथे खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. मात्र नुसता मोबदला म्हणजे न्याय नव्हे. २०१४ साली प्रो कबड्डीबरोबर आपल्याकडे कबड्डीतही खेळाडूंचा लिलाव आला. पण गुडघा निकामी झालेल्यावर बोली कोण लावणार? म्हणून दुखापतीचा विमा आणि खेळ सुटला तरी पदवीपर्यंत शुल्कमाफी, एवढी मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. संघटनेवाचून हक्क मिळत नाहीत, हे गिरणगावाला वेगळे सांगावयास नको.