कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे

अमेरिकेतील सरकारी शाळांमध्ये २०१७-१८ या एका वर्षात १ लाख १ हजार ९९० विद्यार्थ्यांना बळाने जखडून धरण्यात आले किंवा एकट्याने खोलीत कोंडण्यात आले. ही आकडेवारी तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याचीच आहे. विशेष शिक्षण कायद्याखाली शिकणारे दिव्यांग विद्यार्थी एकूण पटाच्या १३ टक्के. पण हातांनी दाबून धरलेल्यांमध्ये त्यांचे प्रमाण ८० टक्के, तर कोंडलेल्यांमध्ये ७७ टक्के होते.

‘मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करील’ हे त्यासाठी दिले जाणारे नेहमीचे कारण. ‘प्रोपब्लिका’ आणि ‘शिकागो ट्रिब्यून’ यांनी २०१९ मध्ये इलिनॉय राज्यातील शाळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. सुमारे सव्वा वर्षात मुलांना कोंडल्याच्या २० हजारांहून अधिक घटना घडल्या होत्या. कारणाचा तपशील असलेल्या नोंदींपैकी एक तृतीयांशाहून अधिक घटनांत सुरक्षिततेचा प्रश्नच नव्हता. दूध सांडले, अभ्यास करायला नकार दिला, एवढेही पुरेसे होते. बातमी छापून आल्यावर दुसऱ्याच दिवशी राज्याने अशा कोंडण्यावर तातडीची बंदी घातली.

वैद्यकीय धोका तर गंभीर आहे. मुलाला पालथे पाडून पाठीवर भार दिला की छाती फुलत नाही, श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. झटापटीमुळे शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. मूल जिवाच्या आकांताने धडपडते. धरणाऱ्याला तो प्रतिकार वाटतो आणि पकड आणखी घट्ट होते. ‘बोलता येतेय म्हणजे श्वास चालू आहे’ हा समज घातक आहे. चार शब्द उच्चारण्यापुरती हवा आणि जगण्यापुरती हवा यांत फार अंतर असते. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये १३ वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा असे दीर्घकाळ दाबून धरल्यानंतर मृत्यू झाला.

मानसिक आरोग्य संस्थांमधील अशाच मृत्यूंची चर्चा झाल्यावर अमेरिकेने २००० मध्ये कायदा करून रुग्णालयांना बंधने घातली. शाळा मात्र त्यातून सुटल्या. शाळांसाठीचे विधेयक २००९ पासून पुन्हा पुन्हा मांडले गेले, पण त्याचा कायदा झालेला नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. नोंदींवरही विसंबता येत नाही. २०१५-१६ मध्ये ७० टक्के शालेय जिल्ह्यांनी अशा घटना ‘शून्य’ कळवल्या आणि सरकारी लेखापरीक्षकांनीच या आकड्यांच्या अचूकतेवर बोट ठेवले.

दुसरा मार्ग नाही, असेही नाही. पेनसिल्व्हेनियात लीहाय विद्यापीठाच्या ‘सेंटेनियल स्कूल’मध्ये १९९७-९८ मध्ये हजाराहून अधिक वेळा मुलांना जखडावे लागले होते. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन, मूल कशाने बिथरते हे आधीच ओळखून आणि चांगल्या वागण्याची दखल घेऊन हा आकडा जवळजवळ शून्यावर आणला गेला. बोलून सांगता न येणाऱ्या मुलासाठी आरडाओरडा हीच भाषा असते. गोंगाट, डोळ्यांवर येणारा प्रकाश, दुखणारे कान किंवा अचानक बदललेले वेळापत्रक, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. कोंडल्याने आवाज थांबतो, कारण तसेच राहते.

रुग्णालय आणि शाळा यांच्यातील ही तफावत आपल्या कायद्यांतही दिसते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला एकांतात कोंडण्यास मनाई केली. त्याला बांधून ठेवण्यासाठी तत्काळ धोका, दुसरा उपाय नसणे आणि मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी अशा अटी घातल्या. शिक्षण हक्क कायदा शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घालतो. पण बिथरलेल्या मुलाला कधी, कसे आणि किती वेळ धरायचे, याबाबत तो काही सांगत नाही. म्हणून दिव्यांग मुलाच्या पालकांनी प्रवेश घेतानाच शाळेला विचारावे : मूल बिथरले तर तुम्ही काय करता, त्याची नोंद कुठे होते आणि आम्हाला त्याच दिवशी कळवता का?