आधी लहान पंप पाहा



गळीत हंगाम चालू झाला की तोडीच्या पाळीच्या तक्रारींबरोबर आणखी एक रडगाणे आमच्या कानी येते. गाडी बंद पडली, मिस्त्रीने सांगितले पंप गेला, पंप उतरवून शहरात पाठविला, आठ दिवस झाले अजून आला नाही. तोडीच्या पाळीवर या पानांतून पुष्कळ लिहून झाले आहे. आज या पंपाविषयी लिहावयाचे आहे, कारण यात सभासदाचा पैसा विनाकारण जातो असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

वाशीम जिल्ह्यात अजून जुन्या डिझेल पिकअप गाड्या पुष्कळ आहेत. पंधरा-वीस वर्षांची गाडी, पत्रा झिजलेला, पण इंजिन अजून खणखणीत. सुरू लागवडीच्या दिवसांत म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत हीच गाडी को ८६०३२ चे बेणे वाहते, हीच खताची पोती आणते, आणि टोळीचा बाजार-शिधाही हीच नेते. पैनगंगेच्या काठच्या काळ्या रानात जिथे भरलेला ट्रक फसतो तिथे हीच बांधापर्यंत जाते. ती बंद पडली म्हणजे तोडून ठेवलेले बेणे सुकते. सुकलेला डोळा उगवत नाही, आणि नांगे भरण्याची मजुरी पुन्हा डोक्यावर. ट्रॅक्टर बंद पडला तर याहून वाईट, कारण ट्रॉलीतला ऊस वजनात घटतो आणि त्यातली साखरही उतरते. तो नुकसानीचा वाटा एकट्याचा राहत नाही, थोडा का होईना सगळ्यांच्या उताऱ्यातून जातो.

आता मुद्द्याचे. 'पंप गेला' असे आपण म्हणतो तेव्हा कोणता पंप? जुन्या डिझेल इंजिनाला पंप दोन असतात, आणि सारा घोटाळा इथेच आहे. एक मोठा. तो डिझेल मोजून, वेळ साधून, नोझलपर्यंत २०० किलोच्या आसपास दाबाने पोचवितो. बॉश कंपनीने १९२७ साली हे पंप मोठ्या संख्येने बनवावयास घेतले, आपल्याकडे १९५१ साली मायको कंपनी निघाली, आणि ते नाव इतके रुळले की २००८ साली कंपनीचे नाव बॉश झाले तरी आपले मिस्त्री अजून 'मायकोचा पंप'च म्हणतात. दुसरा लहान, ज्याला आपण फीड पंप म्हणतो. त्याचे काम टाकीतले डिझेल ओढून फिल्टरमधून मोठ्या पंपाच्या तोंडाशी नेऊन देणे, एवढेच. त्याचा दाब एक-दोन किलोपलीकडे नसतो. काही गाड्यांत तो इंजिनाच्या अंगाला असतो, आत रबरी पडदा असतो. काहींत मोठ्या पंपाच्याच कुशीला लावलेला दट्ट्याचा असतो. किमतीला मोठ्याच्या मानाने किरकोळ.

आता सांगा, लहान पंपाने डिझेल दिलेच नाही तर मोठा पंप काय नोझलला वारा पाजील? गाडी झटके खाते, पातूर-मेडशीच्या चढावर दम सोडते, सपाटीला पुन्हा बरी चालते, नाहीतर सकाळी सुरू होऊन पाच मिनिटांत विझते. ही सगळी लक्षणे डिझेल उपाशी राहिल्याची आहेत. आणि आपण मात्र मोठा पंप उतरवून मोकळे होतो! तो एकदा उतरला म्हणजे टेस्ट बेंचवर चढणार, जुळणी होणार, सील लागणार, आणि बिल व्हायचे ते होणार. पंप परत येतो, बसवितात, आणि गाडी पुन्हा चढावर दम सोडते. मग मालक विचारतो, "काऊन बा, आता काय झालं?"

म्हणून मोठ्या पंपाला पाना लावण्याआधी अर्धा तास खर्च करावा. पहिल्याने टाकीचे झाकण उघडा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे, पंपाचा काही दोष नाही. मग फिल्टरच्या तळचा स्क्रू ढिला करून पाणी निघते का पाहा. ड्रममधून डिझेल वापरणाऱ्यांनी हे तर दर आठवड्याला करावे. उघड्यावर ठेवलेल्या ड्रमात रात्री घाम धरतो, तळाशी पाणी साचते, आणि आपण शेवटची बादलीसुद्धा उपसून टाकीत ओततो.

त्यानंतर हाताने प्रायमर मारा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला ठेवा आणि काय येते ते बघा. आधी बुडबुडे, मग नितळ धार, हे ठीक. बुडबुडे थांबतच नसतील तर टाकी ते पंप या रस्त्यात कुठेतरी हवा शिरते आहे. चिरलेली रबरी नळी, सैल क्लिप, दोनदा वापरलेला तांब्याचा वॉशर. या बाजूला चमत्कार असा की डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. त्यामुळे नळी कोरडी दिसते आणि कोणाला संशय येत नाही. आमच्या मते 'पंप गेला' म्हणून जितके पंप बदलले जातात त्यांतले कितीतरी या चार आण्याच्या वॉशरपायी बदलले जात असतील.

पडद्याच्या पंपाला बाजूला एक छोटा खटका असतो. तो हाताला मोकळा लागला, जोर लागेना, की लोक पंप मेला म्हणतात. थांबा. आतला कॅम वर आलेला असेल तर खटका असाच मोकळा लागतो. इंजिन हाताने थोडे फिरवा आणि पुन्हा दाबून पाहा.

एवढे करूनही शंका उरली तर एक स्वच्छ डबकी घ्या, त्यात गाळलेले डिझेल भरा, इंजिनापेक्षा उंच धरा आणि तिची नळी सरळ फिल्टरच्या आत जाणाऱ्या तोंडाला जोडा. म्हणजे फीड पंप बाजूला पडला. हवा काढून गाडी चालू करा. जागेवरच जोरात रेस देऊन ती न अडखळता चालली, तर मोठा पंप निर्दोष आहे, बाकी कोणी काही सांगो. मग तीच नळी फीड पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाला जोडा. आता चालली तर दोष टाकीकडच्या नळीत. आता अडखळली तर लहान पंप खरोखर गेला. या परीक्षेला ना यंत्र लागते ना इंजिनीअर. फक्त जवळ बिडी पेटविणारा उभा असू नये.

आणि ऑइलची पट्टी काढून वास घ्यायला विसरू नका. हे आम्ही मुद्दाम जोर देऊन सांगतो. इंजिनाच्या अंगाला बसलेल्या पंपाचा पडदा फाटला की डिझेल आत ऑइलमध्ये उतरते. पट्टीवर ऑइल वाढलेले दिसते आणि माणूस खूश होतो की आपली गाडी ऑइल खात नाही. ते ऑइल पाण्यासारखे पातळ झालेले असते, बेअरिंग त्यावर टिकत नाहीत. अशी गाडी 'कारखान्यापर्यंत तर जाऊ द्या' म्हणून हाकू नये. किरकोळ पंपापायी इंजिन उतरविण्याची पाळी येते.

लहान पंप बदलणे हे काम अवघड नाही, पण घिसाडघाईचे नाही. आधी भोवतालची माती-ग्रीस पुसून काढा, मगच नळ्या सोडा, आणि आतली कोणती, बाहेरची कोणती याला खूण करा. इंजिन फिरवून कॅम खाली आणा, नाहीतर पंप बसताना दट्ट्यावर जोर येतो आणि लोक बोल्टने ओढून बसवितात. तिथेच कान तुटतो. गॅस्केट नवे, तांब्याचे वॉशर नवे. बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत. मग आधी फिल्टरची हवा काढा, नंतर मोठ्या पंपाची, आणि तरीही सुरू होत नसेल तरच नोझलच्या नट ढिल्या करून सेल्फ मारा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नको. त्या धारेजवळ हात नेऊ नका, ती कातडी फोडून आत जाते. ऑइलमध्ये डिझेल गेले असेल तर ऑइल व त्याचा फिल्टर बदलल्याशिवाय गाडी हलवू नये. आणि हे सारे जुन्या पद्धतीच्या गाडीपुरतेच. कॉमन रेलच्या नव्या गाडीत दाब हजार किलोच्या वर असतो, तिथे नट ढिली करण्याचे धाडस कोणी करू नये. ती गाडी जाणत्याकडेच न्यावी.

मिस्त्रींवर आमचा राग नाही. वाशीम, रिसोड, मालेगावला हाताचे पक्के कारागीर आहेत, काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात ठेवणारेही आहेत. जे ठेवीत नाहीत त्यांच्याकडे तो मागितला पाहिजे, आणि मागताना संकोच धरू नये. पण हंगामात मिस्त्रीलाही घाई, मालकालाही घाई, आणि घाईत मोठा दोष शोधणे सोपे वाटते.

आमची सूचना संचालक मंडळापुढे अशी आहे. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये कारागीर आहेत, स्टोअरही आहे. हंगामाच्या दिवसांत केन यार्डाशेजारी एक बाक, एक डबकी, दोन नळ्या आणि एक जाणता माणूस बसवावा. सभासदाची गाडी किंवा ट्रॅक्टर आला की वर सांगितलेली परीक्षा करून दोष कुठे आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. दुरुस्ती तिथे करूच नये, ती गावच्या मिस्त्रीने करावी. त्याच्या पोटावर पाय नको. स्टोअरमध्ये वॉशर, रबरी नळी, फिल्टर आणि नेहमीच्या तीन-चार गाड्यांचे फीड पंप खरेदीच्या भावात ठेवावेत व पावती करून द्यावेत.

यावर 'कारखाना म्हणजे गॅरेज नव्हे' असे कोणी म्हणेल. खरे आहे. कारखाना खताचे दुकानही नव्हे, पण खत आणि बेणे सभासदाच्या नावावर मांडून आपण देतोच ना? १९५० साली प्रवरानगरला राज्यातला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तो एकेकट्याला न जमणारी वस्तू सगळ्यांनी मिळून घ्यावी याच हिशेबाने. टेस्ट बेंच घेण्याची आमची मागणी नाही. एक डबकी आणि एक माणूस मागतो आहोत.

हा विषय वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावा असे ज्यांस वाटते त्यांनी आपापल्या गटाच्या स्लिपबॉयकडे तसे दोन ओळींत लिहून, सही करून द्यावे. सोबत गेल्या दोन हंगामांत पंपावर किती खर्च झाला आणि शेवटी दोष कशात निघाला तेही लिहावे. जुनी बिले असतील तर नक्कल जोडावी, मूळ बिल स्वतःजवळ ठेवावे.