मडगार्ड काढू नका, नीट बसवा



‘पावसाळ्यात सायकलचे पुढचे मडगार्ड धोक्याचे, ते काढूनच टाकावे’ हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला अर्धाच खरा आहे.

धोका आहे, हे मान्य. एखादी काटकी चाकाबरोबर फिरत टायर आणि मडगार्डच्या मध्ये शिरली, तर मडगार्ड दुमडते, पुढचे चाक एकदम अडकते आणि स्वार हँडलवरून फेकला जातो. पण यावर उपाय केव्हाच निघाला आहे. जर्मनीच्या ‘एसकेएस’ कंपनीने पुढच्या मडगार्डच्या सळ्यांसाठी सुटणाऱ्या क्लिपा आणल्या. जोराचा ताण येताच सळी क्लिपमधून निसटते आणि चाक अडकण्याचा धोका बराच कमी होतो. साध्या मडगार्डचे स्क्रू घट्ट असावेत आणि टायरपासून सगळीकडे बोटभर अंतर राहावे.

मडगार्ड काढले, तर चिखलपाणी थेट डोळ्यांत आणि साखळीवर उडते. पुण्याच्या पावसात, बस-रिक्षांच्या गर्दीत क्षणभरही डोळे मिटणे परवडत नाही.

त्या पत्रात ब्रेकचा उल्लेखच नाही, आणि खरी काळजी तिथेच घ्यायला हवी. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर आधी पाणी पुसते, मगच पकड घेते. क्रोम चढवलेल्या लोखंडी रिमवर तर ही पकड अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बरीच कमी असते. म्हणून ब्रेक नेहमीपेक्षा आधी आणि हलक्या हाताने दाबावेत. रस्त्यावरचे रंगीत पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे सरळ रेषेत, ब्रेक न लावता ओलांडावीत.

वाचकांनी पाना हाती घ्यावा तो मडगार्ड काढण्यासाठी नव्हे, त्याचे स्क्रू आवळण्यासाठी.

– एक सायकलस्वार, पुणे