अग्निशमन केंद्रातला विहार

लंडनच्या पूर्व भागातील बेथनल ग्रीन येथे १८८८ मध्ये बांधलेले एक अग्निशमन केंद्र विसाव्या शतकात ओस पडले होते. इंग्रज भिक्खू संघरक्षित यांच्या शिष्यांनी ते ताब्यात घेतले आणि बरीचशी डागडुजी स्वतःच्या श्रमांनी करून १९७८ मध्ये तेथे लंडन बुद्धिस्ट सेंटर उघडले. ‘निर्वाण’ या बौद्ध संज्ञेचा अर्थ विझणे. आग विझवणाऱ्यांच्या वास्तूशी हा अर्थ चांगलाच जुळला.

या वास्तूचे महाराष्ट्राशी नाते संघरक्षितांमुळे आहे. त्यांनी डॉ. आंबेडकरांची भेट घेतली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या निधनाची वार्ता आली तेव्हा संघरक्षित नागपुरात होते. शोकाकुल नवदीक्षितांना त्यांनी सभांमधून धीर दिला. पुढे १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये संघ स्थापला. १९७९ मध्ये पुण्यात त्याची भारतीय शाखा सुरू झाली, ती आज त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणून ओळखली जाते.

परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावांना विहार उभारायचा असेल, तर लंडनच्या या उदाहरणातून घेण्याजोगे आहे ते श्रमदान. मात्र जुनी वास्तू निवडताना मालकी, बांधकामाची मजबुती आणि संरक्षित वारसा वास्तू असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी तपासावी लागते, रंगरंगोटी त्यानंतर.